ठिकाण नसलेले सहा मासे

आमच्या कारखान्यात पेन्सिल आणायला बंदी आहे. फाटकावरच्या पाटीवर सिगारेट, काडेपेटी आणि च्युइंगमच्या खाली चौथं नाव तिचंच. औषधांचा कारखाना. इथे लिहिलेला प्रत्येक आकडा पुढे कुणाच्या तरी पोटात जाणाऱ्या गोळीची साक्ष असतो, आणि पेन्सिलीची साक्ष खोडरबराने फिरते. तेव्हा निळी नाहीतर काळी शाई, तिसरं काही चालत नाही. हा नियम सगळे पाळतात की नाही हे बघण्याचाच मला पगार मिळतो. माझं नाव सुहास, मूळचा पुण्याचा, राहणार आयर्लंडमधलं ड्रोहेडा, काम कागदपत्रं तपासण्याचं, स्वभाव नीटनेटका. यातली शेवटची गोष्ट पूर्वी मी अभिमानाने सांगायचो.

अशा कारखान्यात हेमलता चोगले रोज सकाळी अंबाड्यात पेन्सिल खोचून येत.

फाटकावरचा डेक्लन हात पुढे करी. "मॉर्निंग, हेमा. पेन्सिल?" हेमाताई पेन्सिल उपसून त्याच्या हातावर ठेवत, अंबाडा सुटून पाठीवर येई, मग मनगटातलं रबर काढून केस बांधत त्या आत शिरत. संध्याकाळी परत तीच पेन्सिल, तोच अंबाडा. मी आयर्लंडला आलो त्याच्या आधीपासून हे चाललं होतं. "घरीच का ठेवत नाही?" असं मी एकदा विचारलं. "आणि वाटेत काही दिसलं तर?" हे त्यांचं उत्तर. आमच्या वाटेत दिसण्यासारखं म्हणजे मेंढ्या आणि पाऊस.

वय पन्नाशीच्या पुढे, उंची बेताची, अंगात बारा महिने पिवळा रेनकोट, आणि आवाज असा की हळू बोलल्या तरी गावातल्या बॉइन नदीच्या पलीकडे ऐकू जावं. त्या अलिबागकडच्या कोळ्यांच्या. आईने डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासे विकले आणि मुलीला रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकायला धाडलं. मुलगी माशांच्या जाती ओळखण्यात मुरली आणि एका संशोधनाच्या कामावर आयर्लंडला आली. ते काम दोन वर्षांत संपलं. मग पोटासाठी त्या आमच्या प्रयोगशाळेत जंतू मोजायला लागल्या. "पूर्वी मासे मोजायचे, आता जंतू. माल बारीक झाला, पगार जाड झाला," असं स्वतःच सांगून हसत.

माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न, "कुठला?" नाव नंतर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत नवा आलेला एखादा आयटीवाला रुबाबात "पुणे" म्हणाला की त्या म्हणत, "पुणे केवढं झालंय आता. नीट सांग." मग पेठ, मग गल्ली, मग गल्लीतला कोपरा. डेक्लन नदीकाठच्या ॲथलोन गावचा आहे हे कळल्यावर "नदीच्या कुठल्या अंगाचा?" हे त्यांना त्याच दिवशी हवं होतं. त्याने सांगितलं, आणि का कोण जाणे, त्याला फार बरं वाटलं. "ठिकाण नसलेला मासा म्हणजे नुसतं कालवण," असं त्यांचे रत्नागिरीचे सर म्हणत, आणि ताईंनी ते माशांवरून उचलून माणसांना लावलं होतं.

मला त्या "वरणभात" म्हणत. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझा डबा त्यांनी पाहिला आणि बारसं उरकून टाकलं. त्यांच्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी. ती उघडली की तीन टेबलं मोकळी व्हायची, आणि त्या ऐसपैस बसायच्या. आमची गाडी बायको नेते, म्हणून मी कामावर त्यांच्या गाडीने जायचो. गाडीची काच कितीही थंडी असली तरी अर्धी उघडी. "वारा कुठून आहे ते कळायला नको?" मी मफलर गुंडाळून बसायचो आणि तेवढा वेळ मासे ऐकायचो. मला माशातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकायला आवडायचं, हे आज कबूल करतो.

एकदा मी त्यांना पकडलं. प्रयोगशाळेत हातमोज्यांच्या खोक्यावर त्यांनी पेन्सिलीने चार आकडे लिहून ठेवले होते. पेन्सिल आत गेली कशी हे आजतागायत कळलेलं नाही. मी रीतसर नोंद केली, आणि शिक्षा म्हणून त्यांना माझ्याच वर्गात बसावं लागलं. विषय, लिहिताना चूक झाली तर ती दुरुस्त कशी करावी. मी फळ्यावर दाखवलं: चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. गिरवायचं नाही, खरवडायचं नाही, मूळ कागद फाडायचा तर कधीच नाही. ज्याने चूक केली त्याने शेजारी कारण लिहायचं, सही करायची. आणि दुसऱ्याने तपासून आपली सही करायची. तारीख दोघांनी घालायची.

हेमाताई पहिल्या रांगेत. हात वर. "आणि चूक करणारा गप्प बसला तर?"

सगळे हसले. मीही हसलो आणि पुस्तकातलं उत्तर दिलं, "तर तपासणाऱ्याने आपली सही करून त्याची जागा रिकामी ठेवायची. दुसऱ्याचं कारण आपण लिहायचं नाही."

"ग्रँड," त्या इथल्या लोकांसारखं म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. शाईने.

दरवर्षी उन्हाळ्यात त्या तीन आठवड्यांची रजा टाकून गॉलवे बंदरातून सुटणाऱ्या सर्वेक्षणाच्या जहाजावर जात. काम काय, तर खोल समुद्रातून वर आलेल्या जाळ्यातले मासे वेगळे करायचे. कारखान्यातली माणसं स्पेनला जाऊन तांबूस होऊन येत, या तिथून हात फाटून येत. पण चेहरा असा उजळलेला की आठवडाभर डेक्लनला पेन्सिल दोन-दोनदा मागावी लागे.

त्या जहाजावर त्यांचा जीव जडला तो गोगलगाय-माशावर. इंग्रजीत स्नेलफिश. मराठीत त्याला नाव नाही. "कारण आपल्याकडे कुणी विकलाच नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला नाव नाही," हा त्यांचा सिद्धांत. उजेड कधीच पोचत नाही अशा गार पाण्यात राहणारा, वीतभर लांब, गुलाबी. अंगावर खवला नाही, हाडं नावापुरती, सगळं अंग थलथलीत. पोटाखाली एक बारीकशी चकती, तिने खडकाला चिकटून बसायचं. "आपला बोंबील थंडीने गारठला तर असा दिसेल. नातं काही नाही हां, स्वभाव एक." याच्या कुळातले काही मासे म्हणे खेकड्याच्या कल्ल्यात अंडी घालतात. "आयर्लंडमध्ये घर मिळत नाही त्यावर हाच उपाय आहे," असं त्या म्हणाल्या तेव्हा आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि मी इतका हसलो की शेजारच्या गाडीतल्या बाईने वळून पाहिलं.

जाळ्यातून वर येता येता या माशाची कातडी सोलवटून जाते. जहाजाच्या सरकत्या पट्ट्यावर येतो तो गुलाबी लगदा, आणि बाकीचे तो समुद्रात परत टाकतात. हेमाताई मात्र बादलीत पाणी घेऊन पट्ट्याच्या तोंडाशी उभ्या राहत आणि एखादा धड मासा दिसला की बाळाला घ्यावं तसा दोन्ही हातांनी उचलत. इतक्या वर्षांत असे सहा मिळाले. मुख्य शास्त्रज्ञ म्हणाला, तुला हवेत तर ने बाई. ते सहा मासे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लोणच्याशेजारी स्पिरिटमध्ये असत. एक जॅमच्या बरणीत, एक कॉफीच्या, असे. प्रत्येक बरणीत, माशाशेजारी, जाड कागदाची बोटभर चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली: कुठे मिळाला, किती खोल, कोणत्या दिवशी.

"लेबल आत," त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. "बाहेर चिकटवलेलं लेबल म्हणजे अफवा."

या सहांपैकी चार दक्षिणेचे होते आणि दोन उत्तरेचे. समुद्राच्या तळाशी एक डोंगररांग आहे. तिच्या अलीकडचं पाणी त्या मानाने कोमट, पलीकडचं बर्फासारखं. एका वर्षी जहाज नेहमीपेक्षा बरंच वर गेलं होतं आणि त्या गार बाजूला हे दोघे मिळाले. हेमाताईंचं म्हणणं असं की ही जात वेगळी आहे, आजवर कुणी न नोंदलेली. या दोघांची चकती मसुराएवढी, बाकीच्यांची हरभऱ्याच्या डाळीएवढी. आणखीही बारीकसारीक फरक त्यांच्या नजरेत भरले होते. नॉर्वेच्या एका म्हाताऱ्या तज्ज्ञाला त्यांनी सगळं लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं: वसंतात डब्लिनला परिषदेसाठी येतोय, मासे घेऊन भेटा, ठिकाणांसकट.

नवीन जातीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, अशी त्या लोकांत रीत आहे. "बारशाला आत्या लागते तसंच," ताई म्हणाल्या. त्यांनी नाव ठरवून ठेवलं होतं, आईचं. जनाबाईचं. ही आई आदल्या उन्हाळ्यात महिनाभर ड्रोहेड्याला येऊन राहिली होती. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हातारी प्रेससमोर मांडी घालून बसली होती आणि बरणी डोळ्याशी धरून विचारत होती, "कुठचा गो ह्यो म्हावरा?" तेव्हा मला कळलं की हेमाताईंचा प्रश्न रत्नागिरीच्या सरांच्या आधीचा होता. मुलीने समजावून सांगितलं. म्हातारीने ऐकलं आणि म्हणाली, "एवऱ्या लांबशी आनलास, आनि खावाचा पन नाय?" ताई हसल्या. आई झोपल्यावर मात्र मला म्हणाल्या, "वरणभात, हिने जन्मभर सगळ्या माशांची नावं ओरडून विकली. एका माशाने तरी हिचं नाव घ्यावं."

मला हे सगळं माहीत होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा. मला सगळं माहीत होतं.

नोव्हेंबरात अलिबागहून फोन आला, आईला अर्धांगवायूचा झटका आला. दोन दिवसांत हेमाताई निघाल्या. जाताना कपड्यांच्या बास्केटमध्ये सहा बरण्या घालून माझ्या दारात उभ्या राहिल्या. "हॉट प्रेसमध्ये ठेवू नको, गरम पाण्याच्या टाकीची ऊब लागेल. स्पिरिट कमी झालं तर या कॅनमधलं भर. बाकी हात लावू नकोस." डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, "ताई, तुम्ही निर्धास्त जा."

नाताळात कारखाना बंद असतो. बाहेर पाऊस, घरात मी. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मी त्या बरण्या पाहिल्या. जॅमची, कॉफीची, लोणच्याची, एकीचं झाकण गंजलेलं. आत ती पेन्सिलीची वाकडी अक्षरं. मला वाटलं, नॉर्वेचा माणूस हे बघणार! ताई दुःखात आहेत, परत येतील तेव्हा सगळं कसं लखलखीत दिसेल. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मला स्वतःला ते बघवत नव्हतं. मी सहा एकसारख्या बरण्या आणल्या. कारखान्याच्या नमुन्याप्रमाणे लेबलं तयार केली, जाड कागदावर छापली, कातरली. चिमट्याने मासे हलवले. नवी लेबलं आत घातली, कारण लेबल आत हे मला पाठ होतं. त्या सहा पेन्सिलीच्या चिठ्ठ्या हातात घेऊन मी क्षणभर थांबलो, आणि मग रद्दीच्या हिरव्या डब्यात टाकल्या. पेन्सिलीने लिहिलेलं म्हणजे रेकॉर्डच नव्हे, असं माझ्या हाताने ठरवलं. मूळ कागद कधीही नष्ट करायचा नाही, हे ज्याने दोनशे माणसांना शिकवलं त्या माणसाचा हा हात.

संक्रांतीच्या रविवारी बायको डब्लिनला हळदीकुंकवाला गेली होती. दुपारी सहज बरण्या बघायला गेलो. लेबलं कोरी होती. छापलेली अक्षरं स्पिरिटने सुटून खाली गेली होती. तळाशी, माशाच्या पोटाखाली, काळे तीळ सांडावेत तशी पडली होती. सहाही बरण्यांत.

पेन्सिल पुसता येते, पण स्पिरिटला ती हार जात नाही. म्हणून त्या लोकांची पेन्सिल. हे त्यांनी मला गाडीत एकदा तरी सांगितलं असणार, आणि मी मफलर नीट करत असणार.

संगणकावर फाइल होती. त्यात सहा ठिकाणं होती. ताईंच्या जहाजावरच्या वहीतही असणारच होती. पण कोणतं ठिकाण कोणत्या बरणीतलं, ते आता कुठेच नव्हतं. जुन्या बरण्यांवरून तरी ताईंनी ओळखलं असतं. त्या मी गावातल्या, रिकाम्या बाटल्या टाकायच्या डब्यात टाकून आलो होतो. जहाजावर काढलेले फोटो मला त्यांनी पूर्वी पाठवले होते. फोटोत सगळे गुलाबी आणि बरणीत स्पिरिटने सगळे पांढरे.

मी फोन हातात घेतला. मग मनाला समजावलं की तिकडे आईचं दुखणं चाललंय, आता हे कुठे सांगायचं. दुखण्याचा असा आधार मिळाला की माणसाला किती हायसं वाटतं! फोन ठेवून मी भिंग आणलं.

पुढचं मी केलं ते असं. माझ्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीचा जाड कागद कातरला, तिचीच पेन्सिल घेतली. सहा माशांच्या चकत्या भिंगाखाली पाहिल्या. दोन जरा लहान वाटल्या. त्या दोघांसाठी उत्तरेची दोन ठिकाणं लिहिली, उरलेल्या चौघांना दक्षिणेची चार वाटून टाकली. अक्षर ताईंसारखं काढलं. ते मला चांगलं जमलं, कारण तपासून तपासून मला सगळ्यांची अक्षरं येतात. कोरी लेबलं काढली, तीळ गाळले, ताजं स्पिरिट भरलं. बायको परत आली तेव्हा मी टीव्ही बघत होतो. तिने हातावर तिळगूळ ठेवला. तो मला तोंडात घालवेना.

मार्चमध्ये हेमाताई आल्या. आई वाचली होती, पण अंथरुणाला खिळलेली, माणसं विसरत चाललेली. इथलं आवरून कायमचं परत जायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी एकच काम होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि एक बरणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"बरण्या बदलल्यास."

"हो, जुन्या कशातरीच दिसत होत्या."

बराच वेळ काचेतून त्या आतली चिठ्ठी वाचत होत्या. चहा उकळून गेला. मग दुसरी बरणी. मग तिसरी. सहाही पाहिल्या आणि ओट्यावर ओळीने ठेवल्या.

"अक्षर छान आलंय माझं," त्या म्हणाल्या.

इथे सांगता आलं असतं. इथे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तुमचंच आहे ना."

त्यांचा तो बाजारातला आवाज त्या दिवशी फुटलाच नाही. "चहा दे," एवढंच म्हणाल्या.

परिषद डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या एका हॉटेलात होती. मी गाडी चालवली, त्या बास्केट मांडीवर घेऊन बसल्या. काच बंद होती. विमानतळ मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "वरणभात, काही सांगायचंय?"

"नाही ताई. का?"

"काही नाही. रस्ता लांब आहे म्हणून."

हॉटेलात पिवळा रेनकोट आणि कपड्यांची बास्केट बघून स्वागतकक्षातल्या मुलीने आत काय आहे ते विचारलं. "पिकल," हेमाताई म्हणाल्या आणि थांबल्याच नाहीत. मी काचेच्या दाराबाहेर बसलो. आत पांढऱ्या टेबलक्लॉथवर सहा बरण्या, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ. ते भिंग घेऊन एकेक बघत गेले. मग दोन बरण्या त्यांनी वेगळ्या काढल्या, परत पाहिल्या, आणि लहान मुलासारखे हसले. उठून उभेच राहिले. मला कळलं, जमलं. माझ्या चिठ्ठ्यांनी जमलं. जनाबाईचं नाव लागणार.

हेमाताईंनी हात पुढे करून त्यांना खाली बसवलं. काहीतरी सांगितलं, थोडकंच. मग अंबाड्यातून पेन्सिल काढली, एकेका बरणीतून चिमट्याने चिठ्ठी काढून तिच्यावर लिहिलं आणि परत आत सोडली. म्हाताऱ्याने चष्मा काढला. जाताना त्यांनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हातारा म्हणाला, मासे सुरेख आहेत."

"मग?"

"मग काही नाही. एवढ्यावर जमणार नाही." त्यांनी केस रबराने बांधले. "इट्स ग्रँड रे. चल, ट्रॅफिक लागेल."

मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. त्यांचं स्वप्न गेलं आणि माझी भानगड मिटली, हे दोन्ही मला एकाच वेळी कळलं, आणि आधी बरं वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं.

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. विमानतळाच्या बसच्या थांब्यावर मी सामान पोचवायला गेलो होतो. दोन बॅगा आणि तीच बास्केट. बास्केट त्यांनी माझ्या हातात दिली. "विमानात स्पिरिट नेऊ देत नाहीत. आणि ठिकाण नसलेले मासे दुसरं कोण ठेवणार? बघत जा." मग अंबाड्यातून पेन्सिल काढून माझ्या खिशाला लावली. "कारखान्यात नेऊ नकोस. माझ्यासारखी शिक्षा होईल."

"ठिकाण नसलेले" हे शब्द मी ऐकले, आणि ऐकले नाहीत असं केलं. बस आली. त्या चढल्या, तिकीट दाखवलं, आणि दार लागायच्या आधी वळून त्यांनी सगळी बस माना वळवील अशा आवाजात विचारलं, "वरणभात, कुठला रे तू?"

मला वाटलं, गंमत करतायत. मी ओरडलो, "ड्रोहेडा!"

त्यांनी मान हलवली. "नीट सांग."

दार लागलं. त्या खिडकीशी बसल्या, सुटलेले केस एका खांद्यावर, पिवळा रेनकोट, आणि तोंड पुढे केलेलं. मी हात हलवत राहिलो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

महिन्याभराने स्पिरिट भरायला बरण्या उघडल्या तेव्हा पहिली चिठ्ठी चिमट्याने वर काढली. मी लिहिलेल्या ठिकाणावर एकच आडवी रेघ होती. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. त्यातल्या प्रत्येक इंग्रजी साताच्या कमरेवर एक छोटी रेघ होती. सात आणि एक यांत गोंधळ होऊ नये म्हणून आमच्या कारखान्यात तसा सात काढायचा नियम आहे. हेमाताईंनी जन्मात तसा सात काढला नव्हता. कारखान्यात मी त्यांना त्यावरूनही दोनदा टोकलं होतं.

रेघेखाली त्यांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. "कारण:" पुढे कोरं. "सही:" पुढे कोरं. आणि शेवटी, "तपासले, हे. चो.", बॉल्सब्रिजच्या दिवसाची तारीख. सहाही चिठ्ठ्यांवर तसंच. त्या दोन चिठ्ठ्यांवरही, ज्यांवर एक रेघ मारली नसती तर त्यांच्या आईचं नाव एका माशाला कायमचं लागलं असतं. माझा अंदाज बहुधा बरोबरच होता. पण चकती लहान म्हणून उत्तरेचा ठरवायचा, आणि उत्तरेचा म्हणून जात वेगळी ठरवायची, हे गोल गोल फिरणं झालं. त्यांना फक्त मिनिटभर गप्प बसायचं होतं. मला जे महिनोन्महिने जमलं ते त्यांना एक मिनिट जमलं नाही.

या गोष्टीला आता दुसरा उन्हाळा. मी स्पिरिट बघत असतो. फाटकावर डेक्लन अजून अधूनमधून विचारतो, हेमा कशी आहे, आणि मी ग्रँड म्हणतो. मंडळातल्या कुणीतरी सांगितलं की जनाबाई आता लेकीलाही ओळखत नाही, कोण गो तू म्हणते. वर्गात मी दुरुस्तीचा धडा अजून शिकवतो. रिकाम्या जागेचा भाग आला की पाणी पितो.

आज रविवार. सकाळी त्यांच्या पेन्सिलीला टोक केलं आणि सहाही चिठ्ठ्या बशीत काढून वाळत ठेवल्या. पहिलीवर कारणापुढे लिहिलं: मूळ लेबल मी टाकून दिलं. हे अंदाजाने लिहिलं. विचारल्यावर खोटं बोललो. बोटभर जागेत हे सगळं मावतं, याचं नवल वाटलं. सही केली, तारीख घातली. दुसरीवर तेच. सहावी झाली तेव्हा कळलं की ज्यांना वाचायला हवं त्या इथे नाहीत, आणि बरणीत परत टाकलं तर हे फक्त मासेच वाचणार. मग फोन लावला. तिकडे दुपार असणार.

दोन रिंगांत उचलला. मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. आवाज तसाच.

"कोण? कुठून?"

"वरणभात," मी म्हणालो. "ड्रोहेडा. स्वयंपाकघरातून बोलतोय, ओट्यापाशी उभा आहे. सहाही बरण्या समोर आहेत."

पलीकडचा कोंबडा थांबला.

"बोल," हेमाताई म्हणाल्या.